कर्नल पेजरकडे पेज मागतो तेव्हा नेमकं काय घडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मायक्रोकर्नलवर (अगदी मोजकीच कामं स्वतःकडे ठेवणाऱ्या छोट्या कर्नलवर) चालणाऱ्या सिस्टिममध्ये एखाद्या प्रोग्रॅमने फाईल मेमरीत मॅप केली, त्यातल्या एका पत्त्याला हात लावला आणि पेज फॉल्ट आला, म्हणजे हवं ते पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) मेमरीत नसल्याने प्रोसेसर अडला. ते पेज यूजर स्पेसमधल्या, म्हणजे कर्नलबाहेरच्या, पेजरकडे (पेजचा डेटा पुरवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) आहे. मग कर्नल ते मागतो कसं? फंक्शन कॉल करून उत्तराची वाट बघत बसतो का? आणि पेजरने उत्तरच दिलं नाही तर अख्खी सिस्टिम अडकणार नाही का?

आपल्याकडच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात एफआयएफओ आणि एलआरयू या पेज बदलण्याच्या पद्धतींची गणितं भरपूर सोडवून घेतात. कोणतं पेज बाहेर काढायचं हे त्यातून कळतं. पण पेज आत कसं येतं, हा भाग ‘डिस्कवरून वाचलं जातं’ अशा एका ओळीत उरकला जातो. खरी गुंतागुंत त्याच ओळीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उत्तरासाठी मी माख कर्नल आणि त्यावर उभी असलेली ग्नू हर्ड ही ऑपरेटिंग सिस्टिम घेतो. माखचं काम १९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रिचर्ड रशीद यांच्या गटाने सुरू केलं. फाईल सिस्टिमसारखी कामं कर्नलच्या बाहेर काढायची आणि मेमरीत काय भरायचं हेही बाहेरच्या प्रोग्रॅमने ठरवायचं, ही कल्पना त्यांनी टोकापर्यंत नेली. मॅकओएसचा एक्सएनयू हा कर्नल आणि फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम या दोघांचीही मेमरी व्यवस्था माखच्याच कोडमधून वाढली आहे. हर्डमध्ये मात्र पेजर अजूनही खरोखर बाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये राहतो. त्यामुळे सगळे सांधे उघडे दिसतात, आणि शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आधी थेट उत्तर. माख पेजरला कॉल करत नाही. तो मेसेज पाठवतो आणि मोकळा होतो. त्या मेसेजला ‘रिप्लाय’ असा नसतोच. पेजर डेटा पाठवतो तो दुसऱ्या, स्वतंत्र मेसेजने, दुसऱ्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे मेसेज येण्याची रांग), त्याला जमेल तेव्हा. कधी कधी तर कोणी मागितलेलं नसतानाही. मागणी आणि पुरवठा यांना जोडणारा दुवा एकच आहे: कर्नलने त्या ऑब्जेक्टच्या त्या ऑफसेटवर (सुरुवातीपासूनच्या अंतरावर) आधीच करून ठेवलेली एक नोंद. ती नोंद कोण करतं, तिच्यावर कोण झोपतं आणि ती कोण पुसतं एवढं नीट कळलं, की पेजर संथ असो, चुकीचं वागणारा असो की मेलेला असो, प्रत्येक वेळी काय होणार हे तुम्हाला स्वतःलाच सांगता येईल.

पात्रं मोजकीच आहेत. कर्नलच्या बाजूला व्हीएम ऑब्जेक्ट असतो. ‘या ऑब्जेक्टची सध्या मेमरीत असलेली पेजेस’ इतकंच तो सांभाळतो. फाईलचं नाव, तिची लांबी, ती डिस्कवर कुठे आहे, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. समोर पेजर असतो. हर्डच्या बाबतीत ईएक्सटी२एफएस हा फाईल सिस्टिम सर्व्हर. दोघांमध्ये दोन पोर्ट महत्त्वाचे. मेमरी ऑब्जेक्ट पोर्टवर कर्नल लिहितो आणि पेजर वाचतो. कंट्रोल पोर्टवर पेजर लिहितो आणि कर्नल वाचतो. फाईल पहिल्यांदा मॅप होते तेव्हा कर्नल मेमरी_ऑब्जेक्ट_इनिट पाठवून कंट्रोल पोर्ट पेजरच्या हाती देतो, पेजर ‘तयार आहे’ असं कळवतो, आणि तोपर्यंत आलेले फॉल्ट थांबून राहतात.

आता एकच फॉल्ट जवळून बघू. समजा फाईल ४०,००० बाइटची आहे, पेज ४,०९६ बाइटचं, आणि प्रोग्रॅमने फाईलमधला १३,००० क्रमांकाचा बाइट वाचायला घेतला. १३,००० ला ४,०९६ ने भागलं की भागाकार ३ येतो आणि बाकी ७१२. म्हणजे शून्यापासून मोजलं तर ३ क्रमांकाचं पेज, आणि त्याचा ऑफसेट १२,२८८.

एक्स८६ प्रोसेसर १४ क्रमांकाचं एक्सेप्शन उठवतो आणि ज्या पत्त्यावर अडलं तो सीआर२ रजिस्टरमध्ये ठेवतो. कर्नल प्रोसेसच्या ॲड्रेस मॅपमध्ये तो पत्ता शोधतो. तिथे काहीच मॅप केलेलं नसेल तर पेजरचा संबंध येत नाही. प्रोसेसला सेगमेंटेशन फॉल्ट मिळतो आणि विषय संपतो. आपल्या उदाहरणात मॅप सापडतो, त्यातून ऑब्जेक्ट आणि १२,२८८ हा ऑफसेट मिळतो, आणि काम व्हीएम_फॉल्ट_पेज या फंक्शनकडे येतं.

हे फंक्शन आधी आपल्याच हॅश टेबलमध्ये बघतं: या ऑब्जेक्टचं, या ऑफसेटचं पेज आहे का? नाही. इथे कर्नल जे करतो ते लक्ष देऊन वाचा. मेसेज पाठवण्याआधीच तो एक पेज स्ट्रक्चर घेतो आणि टेबलमध्ये त्या जागी बसवतो. या स्ट्रक्चरमागे खरी फिजिकल मेमरी नसते. माखच्या कोडमध्ये त्याला फिक्टिशिअस पेज म्हणतात, म्हणजे नुसती पाटी. तिच्यावर दोन खुणा असतात. ‘बिझी’ म्हणजे या पेजवर काम चालू आहे, कोणी हात लावू नये. ‘ॲबसेंट’ म्हणजे डेटा मागवला आहे, अजून आलेला नाही.

पाटी आधी का? कारण मेसेज पाठवताना ऑब्जेक्टचं लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारी कडी) सोडावं लागतं. ते सुटल्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवरचा दुसरा थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा प्रवाह) त्याच पेजवर फॉल्ट घेऊन येऊ शकतो. पाटी नसती तर त्यानेही तीच मागणी पाठवली असती, आणि शंभर थ्रेडनी एकच पेज मागितलं असतं तर शंभर मेसेज गेले असते. पाटी असल्यामुळे नंतर आलेला प्रत्येक जण ‘बिझी’ बघतो आणि त्याच पेजवर झोपतो. मेसेज एकच जातो.

मग लॉक सोडून कर्नल मेमरी_ऑब्जेक्ट_डेटा_रिक्वेस्ट पाठवतो. त्यात पाच गोष्टी असतात: मेमरी ऑब्जेक्ट, उत्तर कुठे द्यायचं तो कंट्रोल पोर्ट, ऑफसेट १२,२८८, लांबी ४,०९६, आणि कशासाठी हवं आहे, इथे वाचण्यासाठी. कोणत्या थ्रेडला हवं आहे किंवा कोणत्या पत्त्यावर फॉल्ट आला, याचा त्यात उल्लेखही नसतो. पेजरला ते कळण्याची गरज नाही. त्याच्या दृष्टीने कर्नल एक गिऱ्हाईक आहे आणि त्याला अमुक ऑफसेटचा डेटा हवा आहे, बस.

माखमध्ये साध्या पोर्टची रांग मुळात ५ मेसेजची असते. भरली की पाठवणारा थांबतो. कर्नल मात्र ही मर्यादा पाळत नाही. तो रांग भरलेली असली तरी मेसेज टाकतोच. हे बरोबरच आहे, कारण यूजर प्रोग्रॅमच्या रांगेत जागा व्हावी म्हणून कर्नल ताटकळत राहिला तर कोणताही प्रोग्रॅम त्याला वेठीला धरेल. याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते, ते पुढे सांगतो. मागण्यांपुरता एक लगाम ठेवलेला आहे: एका ऑब्जेक्टच्या ‘ॲबसेंट’ पाट्या ५० च्या वर गेल्या, की नवीन फॉल्ट आधी जुन्या पाट्या हलण्याची वाट बघतात.

मेसेज गेल्यावर कर्नल पुन्हा लॉक घेतो आणि लूपच्या सुरुवातीला परत जातो. मला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. आपण नुकतीच बसवलेली पाटी हातात आहे, पॉइंटर आहे, तरी तो वापरायचा नाही. कोडमधली टिप्पणीही तेच बजावते: डेटा वेगळ्याच पेजमध्ये आलेला असू शकतो, तेव्हा हा पॉइंटर आता निरर्थक समजा आणि तोच ऑब्जेक्ट, तोच ऑफसेट घेऊन पहिल्यापासून शोधा. पहिल्यापासून शोधल्यावर बहुतेक वेळा आपलीच पाटी बिझी दिसते, आणि फॉल्ट घेतलेला थ्रेडसुद्धा इतरांसारखाच तिच्यावर झोपतो. मागणी करणाऱ्याला वेगळी वागणूक नाही. जाग आल्यावरही तो ‘माझं उत्तर आलं’ असं धरून चालत नाही, पुन्हा शोधतो.

झोपतानाची एक गोष्ट जाता जाता सांगतो. माख ३.० मध्ये असा थ्रेड आपला कर्नल स्टॅकही (कर्नलमध्ये काम करताना लागणारी कामापुरती मेमरी) परत देतो. पुढे कुठून सुरू करायचं याची छोटी नोंद आणि एका फंक्शनचा पत्ता एवढंच मागे ठेवतो. त्याला कंटिन्युएशन म्हणतात. शेकडो थ्रेड पेजची वाट बघत असले तरी शेकडो स्टॅक अडकून पडत नाहीत.

आता पेजरच्या घरात जाऊ. हर्डमध्ये हे मेसेज लिबपेजर नावाची लायब्ररी घेते. ती आधी तपासण्या करते: कंट्रोल पोर्ट आपल्या ओळखीचा आहे ना, लांबी बरोबर एका पेजची आहे ना, ऑफसेट पेजच्या सीमेवर आहे ना. मग फाईल सिस्टिमने लिहिलेलं पेजर_रीड_पेज हे फंक्शन बोलावते. ईएक्सटी२एफएस तिथे १२,२८८ हा ऑफसेट डिस्कवरच्या ब्लॉकमध्ये बदलते. ब्लॉक १,०२४ बाइटचे असतील तर एका पेजला चार ब्लॉक लागतात, आणि ते डिस्कवर शेजारी शेजारी असतीलच असं नाही. म्हणून कोड लगेच वाचायला धावत नाही. सलग आलेले ब्लॉक जमा करत जातो आणि साखळी तुटली की तेवढा तुकडा एका दमात वाचतो. चारही ब्लॉक सलग असतील तर डिस्कला एकच मागणी जाते.

याच फाईलचं शेवटचं पेज ३६,८६४ वर सुरू होतं. तिथे फाईलचे ३,१३६ बाइट उरतात आणि पेजमधले ९६० बाइट फाईलच्या शेवटानंतरचे असतात. ते शून्य असले पाहिजेत, नाहीतर कोणाच्या तरी जुन्या फाईलचा डेटा दुसऱ्याला दिसेल. ती जबाबदारी पूर्णपणे फाईल सिस्टिमची, कारण फाईल कुठे संपते हे कर्नलला माहीतच नाही. स्वतःचा पेजर लिहिणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी तपासावं.

डेटा तयार झाला की पेजर कंट्रोल पोर्टवर मेमरी_ऑब्जेक्ट_डेटा_सप्लाय पाठवतो. डेटा मेसेजमध्ये पेजच्या स्वरूपात जातो आणि पेजर सांगतो, ‘माझ्याकडून हे काढून घ्या.’ त्यामुळे ४,०९६ बाइटची नक्कल करावी लागत नाही. पेजरच्या ॲड्रेस स्पेसमधलं फिजिकल पेजच उचलून ऑब्जेक्टमध्ये बसवलं जातं. कर्नल १२,२८८ वर काय आहे ते बघतो. बिझी आणि ॲबसेंट पाटी असेल तर मागणी आपलीच होती. पाटी फेकून दिली जाते, खरं पेज तिच्या जागी येतं, झोपलेले सगळे उठतात. काहीच नसेल तर न मागता आलेला डेटा म्हणून तोही ठेवून घेतला जातो. पेजरला पुढची पेजेस आगाऊ ढकलायची असतील तर रस्ता हाच. आणि तिथे आधीच खरं पेज असेल तर नवा डेटा नाकारला जातो. हा नकार फार महत्त्वाचा आहे. मेमरीतलं पेज कोणीतरी लिहून बदललेलं असू शकतं, आणि उशिरा पोहोचलेल्या जुन्या डेटाने ते पुसलं गेलं तर त्याचा पत्ताही लागणार नाही.

डेटाशिवाय दोन उत्तरं आणखी शक्य आहेत. डिस्क वाचता आली नाही तर पेजर डेटा_एरर पाठवतो, कर्नल त्या पेजवर एररची खूण करतो, आणि उठलेल्या थ्रेडला हर्डमध्ये एसआयजीबस सिग्नल मिळतो. नेमकी कोणती चूक झाली ते कर्नल सांभाळत नाही. ते पेजरलाच विचारावं लागतं. दुसरं उत्तर डेटा_अनव्हेलेबल, म्हणजे ‘माझ्याकडे या ऑफसेटचं काही नाही’. ही चूक नाही. फोर्कनंतर (प्रोसेसची नक्कल झाल्यावर) कॉपी ऑन राइटसाठी, म्हणजे कोणी लिहीपर्यंत पेज सामाईक ठेवण्यासाठी, ऑब्जेक्टांची साखळी तयार होते. वरच्यात पेज नसेल तर कर्नल खालच्यात शोधतो, आणि कुठेच नसेल तर शून्यांनी भरलेलं पेज देतो. स्वॅप सांभाळणारा डिफॉल्ट पेजर हे उत्तर नेहमी देतो, कारण कधी बाहेरच न गेलेलं पेज त्याच्याकडे असणार कुठून?

सप्लायच्या मेसेजमध्ये आणखी एक रकाना असतो, त्याच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही: लॉक. पेजर पेज देतानाच सांगू शकतो की याच्यावर लिहायला मनाई आहे. ईएक्सटी२एफएस याचा फार चांगला उपयोग करते. फाईलमध्ये भोक असेल, म्हणजे त्या भागाला डिस्कवर ब्लॉकच दिलेला नसेल, तर ती शून्यांचं पेज राइट लॉकसह देते. वाचणाऱ्याला शून्य दिसतात, डिस्कवर जागा खर्च होत नाही. कोणी तिथे लिहायला गेलं की पुन्हा फॉल्ट येतो. आता पेज मेमरीत आहे, पण लॉक आहे. म्हणून कर्नल डेटा मागत नाही, डेटा_अनलॉक पाठवतो. पेजर त्या वेळी डिस्कवर ब्लॉक राखून ठेवतो आणि मगच लॉक काढतो. डिस्क भरलेली असेल तर ते त्याच क्षणी कळतं, लिहिणारा प्रोग्रॅम निघून गेल्यावर आणि पेज बाहेर काढायची वेळ आल्यावर नाही.

आता एक शर्यत बघू, कारण पेजर लिहिताना लोक इथेच अडखळतात. मेमरी कमी पडली म्हणून कर्नलने एक बदललेलं पेज बाहेर काढलं: डेटा_रिटर्न मेसेज गेला, ऑब्जेक्टमधली जागा रिकामी झाली. पाठोपाठ कोणी तरी त्याच पेजला हात लावला आणि डेटा_रिक्वेस्टही गेला. पोर्टवर मेसेज क्रमानेच येतात. पण पेजरमध्ये अनेक थ्रेड काम करतात. पहिला थ्रेड डिस्कवर लिहीत असतानाच दुसऱ्याने वाचलं तर डिस्कवरचा जुना डेटा मिळेल, आणि नुकताच केलेला बदल प्रोग्रॅमच्या डोळ्यांदेखत नाहीसा होईल.

लिबपेजर यासाठी प्रत्येक पेजची छोटी नोंद ठेवते. लिहायला घेतलं की ‘बाहेर जात आहे’ अशी खूण. तेवढ्यात मागणी आली तर मागणी हाताळणारा थ्रेड डिस्ककडे वळत नाही. त्याच नोंदीवर ‘आत येण्यासाठी थांबलंय’ अशी दुसरी खूण करून परत जातो. लिहिणारा थ्रेड काम संपवून खुणा बघतो, आणि दुसरी खूण असेल तर हातात असलेला तोच डेटा सप्लायने कर्नलकडे परत पाठवतो. डिस्क वाचावीच लागत नाही. इथेही तेच तत्त्व आहे: मेसेजांच्या क्रमावर भिस्त नाही, पेजच्या नोंदीवर आहे.

‘किंमत दुसरीकडे चुकवावी लागते’ असं वर म्हटलं ते हेच डेटा_रिटर्न. मागण्यांना ५० चा लगाम आहे, परतीला तसा नाही. कर्नलने बदललेली हजारो पेजेस एकदम बाहेर काढायला घेतली की पेजरच्या पोर्टवर मेसेजांचा पूर येतो. हर्डमध्ये पूर्वी येणाऱ्या मेसेजसाठी मोकळा थ्रेड नसेल तर नवा थ्रेड उभा राहायचा, त्यामुळे मोठी फाईल लिहिली की फाईल सिस्टिममध्ये थ्रेडच थ्रेड व्हायचे. आधीच मेमरी कमी, त्यात हजारो स्टॅक. पुढे लिबपेजरमध्ये मेसेज रांगेत लावून मोजक्याच थ्रेडनी उपसायची पद्धत आली. मला विचाराल तर पेजरमध्ये मागेल तितके थ्रेड कधीच देऊ नयेत.

मग पेजरने उत्तरच दिलं नाही तर? फॉल्ट घेतलेला थ्रेड झोपूनच राहतो. माखमध्ये टाइमआउट नाही, आणि नसलेलंच बरं, कारण संथ डिस्क आणि मेलेला पेजर यांच्यात कर्नल फरक कसा करणार? साधा यूजर फॉल्ट मात्र मध्येच तोडता येणाऱ्या अवस्थेत झोपतो, म्हणून ती प्रोसेस मारता येते. बाकी सिस्टिम चालू राहते. पेजरची प्रोसेसच मेली तर त्याचा पोर्ट नष्ट होतो. कर्नल ऑब्जेक्टचं पेजरशी नातं तोडतो, लटकलेल्या पाट्या काढतो आणि झोपलेल्यांना उठवतो.

परतीच्या बाजूला धोका मोठा आहे. बाहेर काढलेलं पेज पेजर डिस्कवर लिहितच नाही, तर ती फिजिकल मेमरी कधीच मोकळी होणार नाही. माखची तोड अशी: परत पाठवलेला डेटा एका तात्पुरत्या ऑब्जेक्टमध्ये टाकला जातो, आणि पेजरने तो वेळेत सोडला नाही तर डिफॉल्ट पेजर तोच डेटा स्वॅपवर नेतो. म्हणजे कर्नलचा विश्वास शेवटी एकाच पेजरवर, डिफॉल्ट पेजरवर. म्हणूनच त्याची स्वतःची मेमरी वायर केलेली असते, ती कधीच बाहेर जात नाही, आणि मेमरी संपत आली तरी त्याच्या थ्रेडना राखीव साठ्यातून पेज मिळतं. डिफॉल्ट पेजरलाच पेज फॉल्ट आला आणि ते पेज त्यालाच आणायचं असेल, तर सुटका नाही.

याच जातीचा पण लहान डेडलॉक कोणत्याही पेजरमध्ये होऊ शकतो. फाईल सिस्टिमने फाईलचं लॉक घेतलं आणि यूजरचा डेटा त्याच फाईलच्या मॅप केलेल्या भागात कॉपी करायला घेतला. कॉपी करताना फॉल्ट आला, कर्नलने त्याच फाईल सिस्टिमकडे पेज मागितलं, आणि ते देणाऱ्या थ्रेडला तेच लॉक हवं आहे. दोघेही कायमचे थांबले. ईएक्सटी२एफएसमध्ये म्हणूनच फाईलचं मुख्य लॉक वेगळं आणि ब्लॉक वाटपाचं लॉक वेगळं आहे. पेजरचं कोड फक्त दुसरं घेतं. नियम सोपा ठेवा: पेजच्या मागणीचं उत्तर देताना जे लॉक लागतं, ते हातात असताना पेज फॉल्ट येऊ शकेल असं काहीही करायचं नाही.

कामगिरीबद्दल स्पष्ट बोलतो. हर्डमध्ये मागणी एका वेळी एकाच पेजची जाते. १ एमबीची फाईल क्रमाने वाचली तर २५६ मागण्या, २५६ पुरवठे, आणि प्रत्येक वेळी कर्नल व पेजर यांच्यात ये-जा. लिनक्समध्ये रीडअहेडची (पुढची पेजेस आगाऊ वाचण्याची) नेहमीची मर्यादा १२८ केबी, म्हणजे ३२ पेजेस एकदम. हर्डच्या संथपणाचं खापर लोक मेसेज पद्धतीवर फोडतात. माझ्या मते मोठा वाटा एकेक पेज मागण्याचा आहे. मागणीत लांबीचा रकाना पहिल्यापासून आहे, तो मोठा करता येतो. एक्सएनयूने गठ्ठ्याने मागणं स्वीकारलं आणि पेजरही कर्नलच्या आत घेतले; तिथे डेटा_रिक्वेस्ट हे नाव अजून आहे, पण आता तो फंक्शन पॉइंटरमधून केलेला कॉल असतो.

‘कॉल करून वाट बघतो का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर एल४ या मायक्रोकर्नल घराण्यात जवळजवळ ‘हो’ असं आहे. योखेन लीडके यांच्या एल४ मध्ये कर्नल व्हीएम ऑब्जेक्ट ठेवत नाही, पाटीही ठेवत नाही. फॉल्ट आला की तो थ्रेडच्या वतीने पेजर थ्रेडला एक मेसेज करतो, ज्यात फॉल्टचा पत्ता आणि इन्स्ट्रक्शनचा पत्ता असतो. पेजरचा रिप्लाय आला की थ्रेड पुन्हा तीच इन्स्ट्रक्शन चालवतो. त्याच घराण्यातल्या एसईएल४ मध्येही फॉल्ट मेसेज ठरवलेल्या एंडपॉइंटवर (मेसेज घेण्याच्या जागेवर) जातो, पेजर आधी फ्रेम (फिजिकल पेज) मॅप करतो आणि मग रिप्लाय देतो. कर्नल छोटा राहतो. पण शंभर थ्रेडनी एकच पेज मागितलं तर शंभर मेसेज पेजरकडे येतात, आणि पाटी ठेवायचं काम त्याच्या गळ्यात पडतं.

मोनोलिथिक, म्हणजे सगळी कामं स्वतःच्या आत ठेवणाऱ्या, कर्नलमध्ये पेजर आतच असला तरी पाटीची युक्ती सुटत नाही. लिनक्स फाईलचं पेज वाचायला घेताना ते आधी लॉक करून पेज कॅशमध्ये घालतो, मग डिस्कला मागणी देतो; इतर थ्रेड त्या लॉकवर थांबतात, आणि उठल्यावर ते पेज अजून त्याच फाईलचं आहे का ते पुन्हा तपासतात, कारण मधल्या वेळात कोणी फाईल लहान केलेली असू शकते.

हे हाताने करून बघायचं असेल तर हर्ड बसवायलाच हवं असं नाही. लिनक्स ४.३ पासून, म्हणजे २०१५ पासून, यूजरफॉल्टएफडी ही सोय आहे. मेमरीचा एक भाग नोंदवायचा. तिथे फॉल्ट आला की फाईल डिस्क्रिप्टरवर फॉल्टचा पत्ता असलेला मेसेज येतो. तुमचा थ्रेड डेटा तयार करून कॉपीचा आयओसीटीएल (कर्नलला द्यायची आज्ञा) देतो, कर्नल पेज बसवतो आणि थांबलेल्या थ्रेडला उठवतो. तिथे आधीच पेज असेल तर ‘आधीच आहे’ अशी एरर मिळते, माखच्या नकारासारखीच. क्यूईमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसरीकडे नेताना हेच वापरतं: मशीन आधी हलवायचं आणि लागतील तशी पेजेस नेटवर्कवरून आणायची.

प्रयोग करताना दोन गोष्टी सांभाळा. फॉल्ट हाताळणाऱ्या थ्रेडने नोंदवलेल्या भागाला स्वतः हात लावू नये, नाहीतर वरचा डेडलॉक तुमच्याच प्रोग्रॅममध्ये दिसेल. आणि साध्या यूजरने चालवलं तर ५.११ पासूनच्या कर्नलमध्ये मूळ सेटिंगला फक्त यूजर मोडमधले फॉल्ट हाताळायची परवानगी मिळते. कर्नल यूजरच्या मेमरीतून काही कॉपी करत असताना आलेला फॉल्ट यूजरच्याच हाती दिला, की हल्लेखोर कर्नलला नेमक्या जागी हवा तितका वेळ थांबवून ठेवू शकतो. तशा युक्त्या प्रत्यक्षात वापरल्या गेल्या, म्हणून ही मर्यादा आली. तुमच्या प्रोग्रॅममध्ये रीड सिस्टिम कॉलचा बफर नोंदवलेल्या भागात असेल, तर हे बंधन तुम्हाला लागू पडतं आणि कॉल ईफॉल्ट एरर देऊन परत येतो. त्यामुळे पहिला प्रयोग थेट मेमरी वाचून करा, सिस्टिम कॉलमधून नको.